हेड उघडण्याआधी रेडिएटर बघा

वाचकांचे प्रश्न, मेस्त्रींची उत्तरं

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. निफाड तालुक्यात माझी साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. ट्रॅक्टर 2011 चा, छोटा, तीन सिलेंडरचा, साडेअठरा एचपीचा. तास 4,100 झालेत. ट्रॉलीला लावला तर अगदी मे महिन्यातसुद्धा तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही. पण ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर, म्हणजे पंख्याचं फवारणी यंत्र, जोडला की पाऊण तासात काटा लाल पट्ट्यात जातो. मग फवारणी अर्धवट टाकून ट्रॅक्टर बांधाला उभा करायचा आणि थंड व्हायची वाट बघायची. रात्री पाऊस पडून गेला असेल, डाऊनी रोगाचं वातावरण असेल, तर हा वेळ फार महाग पडतो. आतापर्यंत रेडिएटरचं झाकण बदललं, पट्टा नवीन टाकला. दोन वर्षांपूर्वी एका फिटरनं थर्मोस्टॅट काढून टाकला, तेव्हा थोडे दिवस फरक पडल्यासारखं वाटलं. पुढची जाळी मी रोज झटकतो. पाणी बोअरचंच घालतो. आता फिटर म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवू, आणि उतरवलंच आहे तर इंजिनही करून घेऊ. करू का?
— एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड

उत्तर : दादा, हेडला, म्हणजे सिलेंडरांवरच्या इंजिनाच्या झाकणाला, हात लावू देऊ नका. निदान पुढचं सगळं तपासून होईपर्यंत तरी नाही.

तुमच्या पत्रात नंबर होता म्हणून मी फोन केला आणि तुमच्याकडून दोन दिवस काही तपासण्या करून घेतल्या. तुम्ही त्या नीट केल्यात. त्यात काय सापडलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण अशाच तक्रारीची आणखी पत्रं माझ्या टेबलावर पडली आहेत आणि प्रत्येकात हेड उतरवायचीच भाषा आहे.

ट्रॅक्टर तापतो म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कधी तापतो? चालू केल्यावर दहा मिनिटांत की तासाभरानं? चढाला की सपाटीला? कोणत्या कामाला? तुमच्या पत्रातलं मोलाचं वाक्य हे, की मे महिन्यात ट्रॉलीला तापत नाही आणि नोव्हेंबरात ब्लोअरला तापतो. बाहेरची हवा थंड असूनही तापतो, म्हणजे दोष उन्हाचा नाही, कामाचा आहे. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि सिलेंडर यांच्यामधली सीलबंद पट्टी, गेलेलं इंजिन ट्रॉली आणि ब्लोअर असा भेद इतका स्वच्छ पाळत नाही. ते रेडिएटरमध्ये गॅस सोडतं, पाणी बाहेर फेकतं, आणि ट्रॉलीच्या एखाद्या चढालाही आपला गुण दाखवतं.

ब्लोअरच्या कामात काय होतं ते बघा. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवायचा म्हणून इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर. मागे औषधानं भरलेली टाकी, पंप आणि ब्लोअरचा पंखा. म्हणजे ताकद जवळपास पूर्ण खर्च होते आणि ट्रॅक्टर मात्र माणसाच्या चालीनं सरकतो. डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक मोठा वाटा सायलेन्सरमधून जातो आणि जवळजवळ तेवढाच पाण्यातून रेडिएटरला काढून टाकावा लागतो. ट्रॉलीला इंजिनवर भार येतो आणि उतरतो, त्याला दम खायला मिळतो, वाऱ्याचीही थोडी मदत होते. ब्लोअरला दम खायला मिळत नाही. सगळं ओझं रेडिएटरवर आणि त्याच्या मागच्या पंख्यावर. रेडिएटर तीस-चाळीस टक्के बुजलेला असला तरी ट्रॉलीला कळत नाही. ब्लोअरला लगेच कळतं.

म्हणून तुम्हाला ती बंदुकीसारखी तापमापी आणायला सांगितली. कृषी सेवा केंद्राच्या शेजारच्या इलेक्ट्रिकल दुकानातही मिळते आणि हेड उतरवण्याच्या खर्चापुढे तिची किंमत काहीच नाही. ब्लोअर चालू असताना काटा चढायला लागला की थांबायचं, पीटीओ बंद करायचा, इंजिन चालू ठेवून लगेच दोन ठिकाणी तापमान घ्यायचं. एक, इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या टाकीत जातो त्या होजपाशी, म्हणजे रबरी नळीपाशी. दुसरं, खालून इंजिनात परत जातो त्या होजपाशी. माप चकचकीत धातूवर घेऊ नका, ते चुकतं. काळ्या रबरावर घ्या. पंख्यापासून हात आणि सदऱ्याची बाही दूर ठेवा.

तुमचे आकडे आले वर 101, खाली 97. चारच अंशांचा फरक.

हे आकडे बोलतात. रेडिएटर धडधाकट असेल तर पाणी त्यातून जाताना साधारण सहा ते दहा अंशांनी निवतं. वर खूप गरम आणि खाली पंचवीस-तीस अंशांनी गार असेल, तर पाणी फिरतच नाहीये, रेंगाळतंय. मग पंप, थर्मोस्टॅट, दबलेला होज किंवा क्षारानं बंद झालेल्या नळ्या बघायच्या. तुमच्यासारखं दोन्हीकडे जवळपास सारखंच गरम असेल, तर पाणी जोरात फिरतंय, पण जाताना उष्णता टाकत नाहीये. म्हणजे हवा कमी पडतेय. पट्टा तुम्ही नवीन टाकला आहे, मध्यावर अंगठ्यानं दाबल्यावर साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबतो असं तुम्ही सांगितलंत, ते बरोबर आहे. मग एका कागदाचा तुकडा पुढच्या जाळीला लावून बघायला सांगितला. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. तुमचा कागद मधल्या वीतभर जागेत चिकटला आणि कडांना खाली पडला.

तिथेच मला उत्तर मिळालं. रात्री जाळी काढून रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या बाजूनं, बॅटरी (टॉर्च) धरायला सांगितली. पुढून बघितल्यावर पत्र्याच्या बारीक घड्यांतून उजेड चाळणीसारखा दिसायला हवा. तुम्ही म्हणालात, "मेस्त्री, मधे एक ताटाएवढा उजेड आहे, बाकी अंधार."

दादा, तुम्ही जाळी रोज झटकत होतात, पण जाळीच्या मागे रेडिएटर सारवला गेला होता. बागेत हे हमखास होतं. बोर्डोचा चुना आणि मोरचूद, भुरीसाठी मारलेलं गंधक, या सगळ्याचं धुकं ओळीच्या टोकाला वळताना आपल्याच पंख्यानं आत ओढलं जातं. त्यावर मातीचा धुरळा, वाळलेल्या पानांचा चुरा. सकाळचं दव त्याला ओलं करतं, इंजिनची उष्णता वाळवते. दहा-बारा वर्षं रोज एक हात द्या, काय होईल? शेणानं सारवलेल्या भिंतीसारखी घट्ट खपली होते, फक्त रंग निळसर पांढरा. जाळी झटकून ती निघत नाही, आणि पुढून पाण्याचा जोरदार फवारा मारला तर आणखी आत रुतते. वर पत्र्याच्या घड्या वाकतात, म्हणजे उरलीसुरली वाटही बंद.

साफ असा करा. रेडिएटर उतरवा, चार बोल्ट आणि दोन होजचं काम आहे. कपडे धुण्याच्या पावडरच्या कोमट पाण्यात रात्रभर आडवा भिजत ठेवा. सकाळी बागेच्या साध्या नळीनं, पंख्याच्या बाजूकडून पुढे, असं धुवा. घाण ज्या बाजूनं आत गेली त्याच बाजूनं बाहेर काढायची. मऊ ब्रश घड्यांच्या उभ्या दिशेनं फिरवा, आडवा नको. कॉम्प्रेसर असेल तर हवा कमी दाबानं आणि हात लांब ठेवून. दोन-तीनदा भिजवावं लागेल. धुतलेलं पाणी बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब टाका, त्यात तांबं असतं. वाकलेल्या घड्या जुन्या कंगव्यानं सरळ करा. परत बॅटरी लावून बघा, आणि सगळीकडून सारखा उजेड दिसल्याशिवाय बसवू नका. बसवताना पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं विसरू नका. मी फोनवर विचारलं तेव्हा कळलं की ते मागे कधीतरी तुटलं म्हणून फेकून दिलं होतं. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. नवीन मिळालं नाही तर गावातल्या पत्रेवाल्याकडून करून घ्या, पात्याच्या टोकापासून बोटभर अंतर ठेवून.

आता थर्मोस्टॅट. तो परत बसवा. कृपा करून परत बसवा.

ट्रॅक्टर तापला की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. मीही शिकाऊ असताना हेच करायचो, उस्तादानं तसंच शिकवलं होतं. पण थर्मोस्टॅट हे पाण्याच्या वाटेवरचं दार आहे. इंजिन थंड असताना ते रेडिएटरची वाट बंद ठेवतं, तापलं की उघडतं. किती अंशांना उघडायचं ते त्याच्या पितळेवर कोरलेलं असतं, 71, 76, 82 असं. ते काढलं की सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. शिवाय बऱ्याच इंजिनांत एक आडवाटेची नळी असते, थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तीच बंद होते. थर्मोस्टॅट नसेल तर ती कायम उघडी, आणि गरम पाण्यातलं काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं. म्हणजे तापू नये म्हणून काढलेली वस्तू भाराच्या कामाला तापण्याचंच कारण होते. तुमचा ट्रॅक्टर दोन वर्षं असा चालला आहे. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरी तपासा. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी तापमापी, खाली गॅस. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

तिसरी गोष्ट बोअरचं पाणी. तुमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात चुना किती असतो ते ठिबकच्या तोट्या बघून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तोच चुना इंजिनच्या आत, सिलेंडरच्या बाहेरून बसतो. चहाच्या भांड्याच्या तळाला बसतो तसा. तो थर लोखंडाच्या मानानं कितीतरी पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. म्हणून पाणी फारसं गरम दिसत नाही आणि धातू मात्र आत भाजत असतो. रेडिएटर साफ झाल्यावर आतूनही धुवा. लिटरला 40 ते 50 ग्रॅम लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून भरा, इंजिन तासभर हलक्या फेऱ्यांवर चालवा, थंड होऊ द्या, सोडून द्या. पाणी चहासारखं निघेल. मग साध्या पाण्यानं दोनदा, एकदा चिमूट-दोन चिमूट नव्हे तर मूठभर खाण्याचा सोडा घालून, आणि पुन्हा साध्या पाण्यानं. तुमचा रेडिएटर पितळेचा आहे असं तुम्ही सांगितलंत म्हणून हे सुचवतो. ॲल्युमिनियमचा असेल तर ॲसिडच्या वाटेला जाऊ नका, रेडिएटरवाल्याला दाखवा. जुन्या पितळी रेडिएटरचा चुना निघाल्यावर कधीकधी बारीक गळती उघडी पडते, कारण चुन्यानंच ती बुजवलेली असते. घाबरू नका, कथलाचा डाग देऊन काम होतं.

त्यानंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं लोक विचारतात. गंज आणि चुना बसू नये म्हणून, आणि पाणी थोडं उशिरा उकळावं म्हणून. पण ते चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं कुत्र्यानं चाटलं तर कुत्रं मरतं. डबा गोठ्यात ठेवू नका, सोडलेलं कूलंट जनावरांच्या वाटेवर ओतू नका.

आणि हेड गॅस्केट? तुमची शंका राहू नये म्हणून तेही तपासलं. सकाळी थंड इंजिन, झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरला, चालू केलं, फेऱ्या वाढवल्या. गॅस्केट गेलं असतं तर पाण्यात सतत बुडबुडे आले असते, सुरुवातीचे दोन-चार नव्हेत. वरचा होज इंजिन तापायच्या आधीच दगडासारखा कडक झाला असता. ऑइल मोजायच्या दांडीवर ऑइल ताकासारखं दिसलं असतं, किंवा कुठेही गळती नसताना पाणी रोज कमी झालं असतं. तुमच्याकडे यातलं काहीही नाही.

या मुद्द्यावर मी एवढा अडून का बसतो ते सांगतो. माझं स्वतःचं गॅरेज सुरू करून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी एका शेतकऱ्याचं हेड उतरवलं होतं. तोही ट्रॅक्टर भार आला की तापायचा. हेड घासून आणलं, नवं गॅस्केट, सगळं नवं. परत जोडला आणि परत तापला. शेवटी सापडलं ते खालचा होज. आत स्प्रिंग असते ती गंजून तुटली होती, आणि फेऱ्या वाढल्या की पंपाच्या ओढीनं होज चपटा व्हायचा. उभ्या ट्रॅक्टरला तो होज गोल आणि ठणठणीत दिसायचा. त्या माणसानं कांदा विकून माझं बिल दिलं होतं. मजुरी मी परत केली, पण सुट्या भागांचे पैसे परत करण्याइतके माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये तापणारा ट्रॅक्टर आला की आधी बॅटरी आणि होज, मग पाना.

रेडिएटर बसवल्यावर ब्लोअर लावून तेच दोन आकडे परत घ्या आणि मला कळवा. वरचं 90 च्या आत आलं आणि फरक सात-आठ अंशांचा झाला तर काम झालं. तरीही तापला, तर पुढचा संशय डिझेल पंपाच्या टायमिंगवर आणि सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलवर. टायमिंग मागे पडलं की डिझेल उशिरा जळतं आणि इंजिन जास्त तापतं. तेही हेड न उतरवता बघता येतं.

एक शेवटचं, हात जोडून. तुम्ही लिहिलंय, बांधाला उभा केला की झाकण उघडून पाणी घालता. असं कधीही करू नका. झाकण 0.9 दाबाचं आहे, म्हणजे आतलं पाणी 115 अंशांच्या पुढेही न उकळता थांबलेलं असतं, कुकरसारखं. झाकण सैल झालं की ते एका क्षणात वाफ होतं. माझ्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत सोळाव्या वर्षी भाजल्याचा डाग आहे. चेहरा वाचला तो उस्तादानं मागून ओढलं म्हणून. काटा लाल पट्ट्यात गेला आणि पाणी बाहेर येत नसेल, तर भार काढा, इंजिन मध्यम फेऱ्यांवर पाच मिनिटं चालू द्या, पंखा त्याला निववेल. वाफ किंवा पाणी बाहेर येत असेल तर लगेच बंद करा. दोन्ही वेळी झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात नको. वरचा होज हातानं दाबता आला की मगच.

प्रश्न : आमच्याकडे भातशेती. जुना पॉवर टिलर चिखलणीत तापला म्हणून भावानं त्यात वहाळाचं पाणी ओतलं. आता सुरू होतो, पण पांढरा धूर आणि ताकद नाही. काय झालं असेल?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. हेडला चीर गेली असावी. इथे मात्र हेड उतरवावंच लागेल, आणि तोवर सुरू करू नका, कारण चिरेतून पाणी सिलेंडरमध्ये साठलं आणि तुम्ही हँडल मारलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हेड आणि सिलेंडरची वरची कड, दोन्ही तपासून घ्या. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी रेडिएटरवरचा चिखल ओला असतानाच धुवा. वाळू दिला की तो विटेसारखा होतो.

प्रश्न : मेस्त्रीदादा, शेत मीच बघते, ट्रॅक्टरही मीच चालवते. आठवड्यापासून सकाळी चावी फिरवली की, इंजिन सुरू व्हायच्या आधीच, तापमानाचा काटा शेवटच्या टोकाला जातो. रेडिएटर तर हाताला गार लागतो. गॅरेज 30 किलोमीटरवर आहे.
— एक शेतकरी भगिनी, ता. जत

उत्तर : ताई, इंजिन तापलेलं नाही, वायरीचा दोष आहे. गॅरेजला जायची गरज नाही. थर्मोस्टॅटच्या घराजवळ एक वायर लावलेला छोटा पितळी सेन्सर असतो. चावी चालू ठेवून ती वायर काढा आणि हवेत धरा. काटा खाली पडला तर सेन्सर खराब, बदला. नाही पडला तर सेन्सर ठीक आहे आणि वायर मधेच कुठेतरी सोलून बॉडीला टेकते आहे. डॅशबोर्डपासून माग काढत या, बहुतेक बॉनेटच्या कडेला घासलेली सापडेल. तिथे टेप लावून क्लिपनं बांधा. काटा दुरुस्त होईपर्यंत रोज सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पाण्याची पातळी बघा, आणि काम करताना दर अर्ध्या तासानं थांबून वरच्या होजला तळहात लावून बघा. क्षणभरही ठेववला नाही तर भार काढा.